जहाजाच्या बुडाचा रंग आणि समुद्रातलं शेवाळ

(यवतमाळ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आत येताना दाराशीच एका काकाजींनी मला अडवलं. म्हणाले, "सर, फलकावर विषय वाचला. पण यवतमाळात जहाज आणता कुठून?" प्रश्न रास्त आहे. इथून मुंबईचा समुद्र साडेसहाशे-सातशे किलोमीटर. आपल्यापैकी अनेकांनी तो टीव्हीवरच जास्त पाहिला असेल. म्हणून मी सुरुवात समुद्रापासून करत नाही. आमच्या घरच्या हौदापासून करतो.

लहानपणी आमच्या गोठ्याजवळ गुरांना पाणी पाजायचा हौद होता. उन्हाळा लागला की त्यात हिरवंगार शेवाळ धरायचं. मग वडील मोरचुदाचे दोन-चार खडे फडक्यात बांधायचे आणि ती पुरचुंडी दोरीने हौदात सोडायचे. तेवढे दिवस गुरं विहिरीवर जायची. दोन-तीन दिवसांत शेवाळ पिवळं पडून तळाशी बसायचं. हौद घासून पुन्हा भरला की झालं. एका वर्षी आम्ही पोरांनी ओढ्यातून आणलेल्या मासोळ्या त्या हौदात सोडल्या होत्या. वडिलांना ते ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी सगळ्या मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. आम्ही रडायला लागलो तर वडील म्हणाले, "अरे, मी शेवाळासाठी टाकलं होतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर आहे. जगभरातली जहाजं आपल्या बुडाला अशीच एक पुरचुंडी लावून फिरतात, आणि ती लावणारे सगळे हेच म्हणतात. आम्ही शेवाळासाठी लावलं होतं.

जहाजाला शेवाळ का नको?

कुठलीही स्वच्छ वस्तू समुद्राच्या पाण्यात बुडवा. पहिल्या काही मिनिटांत तिच्यावर सेंद्रिय पदार्थांचा अगदी पातळ थर बसतो. काही तासांत जीवाणू येतात. एक-दोन दिवसांत डायॅटम येतात. डायॅटम म्हणजे काचेसारख्या कवचातलं एकपेशीय शेवाळ. मग अल्व्हासारख्या हिरव्या शेवाळाचे बीजाणू येतात. हे बीजाणू पाण्यात पोहतात, जागा चाचपतात आणि पसंत पडली की चिकटतात. काही आठवड्यांत बार्नेकल येतात. हे चुन्याचं कवच करून कायमचे चिकटून बसणारे प्राणी. मग शिंपले. असं करत करत जहाजाच्या बुडाला एक वस्तीच उभी राहते.

याने बिघडतं काय? बूड खरखरीत झालं की पाण्याशी घर्षण वाढतं. एका फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेसाठी केलेलं गणित प्रसिद्ध आहे. नेहमीच्या वेगाने जायला, नुसता पातळ चिकट थर असला तरी सुमारे ११ टक्के जास्त शक्ती लागते. बार्नेकलचा जाड थर असला तर ८६ टक्क्यांपर्यंत. म्हणजे तेवढं जास्त इंधन आणि तेवढा जास्त धूर. दुसरा त्रास पाहुण्यांचा. मध्य अमेरिकेकडचा एक छोटा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला, आणि मुंबईच्या गोदीतही त्याने बस्तान बसवलं. तो स्वतः पोहत आलेला नाही. जहाजांबरोबर आला.

तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बुडाला काहीतरी लावणारा माणूस मूर्ख नाही आणि दुष्टही नाही. त्याची अडचण खरी आहे. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याची अडचण जशी खरी असते, तशीच.

तांबं झिजतं म्हणून चालतं

जुन्या काळी आपल्या कोकण किनाऱ्यावर होड्यांना मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताचं तेल लावत. काजूच्या टरफलाचं तेल लावत. काजू आणि आपल्या जंगलातला बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा अंगावर उततो हे इथे कोणाला सांगायला नको. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनाही असलं तेल मानवत नाही.

इंग्रजांच्या आरमाराने अठराव्या शतकात वेगळी युक्ती काढली. लाकडी जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकायचे. १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजावर पहिला मोठा प्रयोग झाला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती रीतच पडली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानाची जहाजं बांधली, त्या काळात हे पत्रे नेहमीचे होते. त्यांनी १८१७ मध्ये बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे.

पत्र्यांची एक तक्रार होती. समुद्राच्या पाण्यात ते झिजायचे. ब्रिटिश आरमाराने १८२० च्या दशकात हम्फ्री डेव्ही या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाला विचारलं की झीज थांबवता येईल का. डेव्हीने १८२४ मध्ये तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. आता तांब्याऐवजी ते तुकडे झिजू लागले. तांबं शाबूत राहिलं. रसायनशास्त्र शंभर टक्के बरोबर निघालं. पण जहाजं समुद्रात गेली आणि त्या न झिजणाऱ्या तांब्यावर शेवाळ आणि बार्नेकल जोरात वाढले! आरमाराला तो उपाय सोडून द्यावा लागला.

यातून काय कळलं? तांब्याचा पत्रा नुसता असून शेवाळ थांबत नव्हतं. तांबं पाण्यात विरघळत होतं म्हणून थांबत होतं. पुरचुंडीतला मोरचूद विरघळला नाही तर हौदाला काही होणार नाही, तसंच हे. बुडाचा विषारी रंग काम करतो याचा अर्थच तो सतत पाण्यात उतरत असतो. उतरलेलं विष जहाजाच्या बुडापुरतं थांबत नाही. ते बंदरभर होतं.

किती उतरतं? पुढे जहाजं लोखंडाची आणि पोलादाची झाली. पोलादाला तांब्याचा पत्रा ठोकला तर पोलादच खाऊन जातं. म्हणून तांब्याचा लाल ऑक्साइड रंगात कालवायला लागले. आजही बहुतेक रंगांत तोच असतो. बार्नेकल बसू नयेत म्हणून बुडाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून रोज साधारण १० मायक्रोग्रॅम तांबं सुटावं लागतं, असा एक जुना ठोकताळा आहे. आकडा चिमुकला वाटतो. पण मोठ्या मालवाहू जहाजाचा पाण्याखालचा भाग सहज १० हजार चौरस मीटर भरतो. हिशेब करा. दिवसाला एक किलो तांबं. एका जहाजातून. आणि बंदरात एकच जहाज नसतं.

शेवाळाला तांबं करतं काय?

गंमत म्हणजे शेवाळाला तांबं लागतंही. अगदी कणभर. त्याच्या काही एन्झाइमांत ते असतं. पण जास्त झालं की तेच तांबं पेशीतल्या इतर धातूंच्या जागा बळकावतं. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, त्यालाही ते हुसकून लावू शकतं. अन्न तयार होणं मंदावतं, पेशीत जाळपोळ करणारे ऑक्सिजनचे रेणू वाढतात आणि पेशींचं विभाजन थांबतं.

मात्र सगळं शेवाळ सारखं नसतं. समुद्रातल्या अतिसूक्ष्म नीलहरित पेशी तांब्याला फार हळव्या असतात. डायॅटम त्यामानाने दणकट. आणि काही मंडळी तर कमालीची चिवट. एक्टोकार्पस नावाचं तपकिरी, धाग्यांसारखं शेवाळ जहाजांच्या तांब्याच्या रंगावरच वाढतं, आणि ते इतर ठिकाणच्या एक्टोकार्पसपेक्षा जास्त तांबं सोसतं, हे १९७० मध्येच प्रसिद्ध झालं होतं. हिरवं अल्व्हा आणि अँफोरा नावाचा डायॅटम हेही त्याच माळेचे मणी.

आता तुम्हाला ओळखीचं काहीतरी ऐकू येत असेल. बीटी कपाशी आली, बोंडअळी गेली असं वाटलं. आणि २०१७ मध्ये इथेच, आपल्या शिवारात, गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली. जे औषध सतत लावून ठेवतो, त्याला न जुमानणारे शेवटी उरतात. जहाजांच्या बुडावर हेच झालं. तांब्याने बार्नेकल आटोक्यात आले, पण चिवट शेवाळ वाढतच राहिलं. मग रंगवाले दुसरं विष शोधायला निघाले.

कथिलाची वीस वर्षं

ते सापडलं १९६० च्या दशकात. ट्रायब्युटिलटिन. टिन म्हणजे कथील. आपल्या पितळी भांड्यांना कल्हई करतात तेच, पण इथे त्याला कार्बनच्या तीन साखळ्या जोडलेल्या. साधं कथील निरुपद्रवी, हे संयुग जहाल. जहाजवाले खूश झाले. रंग पाच-पाच वर्षं टिकायचा, बूड गुळगुळीत राहायचं.

फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ आर्काशों नावाची खाडी आहे. बोर्दो म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण! मोरचूद आणि चुना एकत्र करून आपण संत्र्याच्या खोडांना लावतो, त्याची कृती १८८५ च्या सुमारास तिथल्या द्राक्षबागांतून आली. तर या आर्काशोंच्या खाडीत कालवांची मोठी शेती चालते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथली कालवं बिघडायला लागली. मोठ्या कालवांची शिंपली जाड आणि वेडीवाकडी व्हायला लागली आणि पिल्लं जगेनात. शोध घेतला तेव्हा बोट खाडीतल्या हौशी होड्यांच्या बुडाकडे गेलं. यात शेवाळाचा भागही होता. कालवांची पिल्लं सूक्ष्म शेवाळ खाऊन वाढतात आणि त्या शेवाळावरही हे कथील घाव घालत होतं, असं मांडलं गेलं. म्हणजे पिल्लांना विषही मिळालं आणि उपासही घडला. १९७७ ते १९८३ या काळातलं नुकसान सुमारे ८८ कोटी फ्रँक धरलं गेलं. १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान होड्यांवर हा रंग बंद केला. १९८७ मध्ये ब्रिटनने केला.

आपल्याकडे काय? गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी १९९९ मध्ये एका समुद्री गोगलगाईबद्दल निबंध प्रसिद्ध केला. गोगलगाईचं नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. नावातच कोकण आहे. तिच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटलेलं आढळलं. ही कथिलाच्या या संयुगाची ओळखीची खूण. भारताच्या पाण्यातली ती पहिली नोंद. पुढे २००६ मध्ये मुंबई आणि कोची बंदरांच्या गाळातही ही संयुगं असल्याचं याच संस्थेने प्रसिद्ध केलं.

गाळ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. उघड्या पाण्यात हे संयुग काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडतं. गाळात, जिथे हवा नाही, तिथे ते वर्षानुवर्षं बसून राहतं. मुंबईच्या बंदराला लागून शिवडीचा गाळ आहे. तिथे हिवाळ्यात हजारोंनी रोहित पक्षी, फ्लेमिंगो, उतरतात. त्यातल्या छोट्या रोहितांचं मुख्य अन्न पाण्यातलं आणि गाळावरचं बारीक शेवाळ. शेवाळ म्हटलं की आपल्याला निसरडी पायरी आठवते. पण समुद्रात शेवाळ म्हणजे गवत आहे, कुरण आहे. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं, त्यातलं जवळजवळ निम्मं समुद्रात, बहुतांशी डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाकडून होतं. त्या कुरणावर सगळे मासे उभे आहेत.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये करार केला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून कथिलाच्या या रंगांवर बंदी लागू झाली. आपण २०१४ मध्ये जहाजवाहतुकीच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि २०१५ मध्ये त्या करारात सामील झालो. आर्काशोंमध्ये कळल्यापासून जगाला पंचवीसेक वर्षं लागली.

तणनाशक जहाजावर चढतं

कथील गेलं, तांबं परत मुख्य झालं. पण चिवट शेवाळाचा प्रश्न होताच. मग तांब्याच्या जोडीला शेवाळ मारणारं दुसरं काही घालायला लागले. ते कुठून आणलं? शेतातून.

दोन नावं सांगतो. पहिलं सायब्युट्रिन, बाजारातलं नाव इर्गारोल १०५१. हे ट्रायझिन गटातलं. तुम्ही मक्यात अ‍ॅट्राझिन मारता ना, त्याचं चुलत भावंड. दुसरं डायुरॉन. हे तर सरळसरळ शेतीतलं तणनाशक. आपल्या देशात कपाशी, ऊस, केळी, द्राक्ष अशा पिकांसाठी त्याची नोंद आहे. यंत्राने कापूस वेचणाऱ्या देशांत वेचणीआधी कपाशीची पानं गाळायला जे मिश्रण वापरतात, त्यातही ते असतं. म्हणजे यवतमाळात जहाज आलं की नाही?

हे काम कसं करतात ते बघू. घराचा स्लॅब टाकायचा दिवस आठवा. खालपासून वरपर्यंत माणसं उभी असतात आणि घमेली हातोहात वर जातात. हिरव्या पेशीत सूर्यप्रकाश पडला की असंच होतं. हरितद्रव्यातून इलेक्ट्रॉन सुटतो आणि या रेणूकडून त्या रेणूकडे हातोहात जातो. त्याच्या जोरावर पेशी साखर बनवते. या रांगेत एक जागा अशी आहे की तिथे घमेलं घेणारा रेणू येतो, घमेलं घेतो आणि पुढे जातो. डायुरॉन आणि सायब्युट्रिन नेमके त्या जागेवर येऊन बसतात. घमेलं घेत नाहीत आणि जागाही सोडत नाहीत. खालून घमेली येतच राहतात, कारण ऊन थांबत नाही. मग सगळा माल तिथेच सांडतो. पेशीचं अन्न बंद होतं आणि न वापरलेली ऊर्जा पेशीलाच जाळते.

मक्याला किंवा ज्वारीला अ‍ॅट्राझिनने काही होत नाही, कारण त्यांच्याकडे ते मोडून टाकायची सोय आहे. समुद्रातल्या बहुतेक शेवाळाकडे तशी सोय नाही. आणि ही घमेल्यांची रांग जहाजावरच्या शेवाळात, पाण्यातल्या डायॅटममध्ये, समुद्री गवतात अगदी एकसारखी आहे. प्रवाळातसुद्धा. प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या अंगात शेवाळाच्या पेशी राहतात आणि बरंचसं अन्न त्याच पुरवतात. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे असे प्रवाळ आहेत. रेणूला कसं कळणार की ही पेशी जहाजावरची आणि ही मालवणच्या खडकावरची?

किती पुरतं ते सांगतो, आपल्या मापात. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल शेततळं घ्या. बाजूंचा उतार धरून त्यात साधारण २० लाख लिटर पाणी मावतं. युरोपमध्ये पाण्यातल्या घातक पदार्थांच्या वर्षभराच्या सरासरीला मर्यादा घालून दिली आहे. डायुरॉनची मर्यादा अशी की एक ग्रॅम डायुरॉन अडीच शेततळ्यांत मिसळलं की ती गाठली. सायब्युट्रिनची? एक ग्रॅम, दोनशे शेततळी. चिमूटभर पूड आणि चाळीस कोटी लिटर पाणी.

१९९३ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या होड्यांच्या बंदरांत सायब्युट्रिन पहिल्यांदा मोजलं गेलं. काही ठिकाणी लिटरमागे १७०० नॅनोग्रॅमपर्यंत निघालं. आज युरोपची एका वेळची कमाल मर्यादा आहे १६ नॅनोग्रॅम. म्हणजे शंभर पटीहून जास्त. अशा पाण्यात लगेच सगळं शेवाळ मरतं असं नाही. आधी हळव्या जाती जातात, चिवट उरतात. वरून पाणी हिरवंच दिसतं. पण जे हिरवं खाऊन कालवाचं पिल्लू वाढायचं, ते त्यात नसतं. हा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उशिरा कळतो.

ब्रिटनने २००१ च्या सुमारास लहान होड्यांवर ही दोन्ही रसायनं बंद केली. युरोपने २०१६ मध्ये सायब्युट्रिनला परवानगी नाकारली. आणि १ जानेवारी २०२३ पासून जगभर जहाजांना सायब्युट्रिन लावायला बंदी आली. कथिलानंतर त्या करारात आलेलं हे दुसरं नाव.

आपल्या शिवारापर्यंत

आता तुम्ही म्हणाल, बंदी आली, विषय संपला. मला भीती इथेच वाटते. तांबं, मग कथील, मग तणनाशक. दर वेळी जुनं गेलं कारण नवं आलं, आणि नवं किती दूर जाईल हे ते पाण्यात उतरल्यावर कळलं.

हे शेतातही तसंच चालतं. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कृषी रसायनांवर बंदीचा मसुदा काढला. त्या यादीत डायुरॉन होतं. झायनेबही होतं. झायनेब हे बुरशीनाशक जहाजाच्या रंगातही वापरतात. २०२३ मध्ये अंतिम बंदी आली ती मोजक्याच नावांवर, आणि त्यांत ही दोन नव्हती. मी इथे त्यावर निवाडा द्यायला आलेलो नाही. पण जी रसायनं समुद्रात मोजली जातात, ती आपल्या बांधावरही आहेत, एवढं आपल्याला ठाऊक हवं.

आणि आपलं पाणी जातं कुठे? पैनगंगा वढ्याजवळ वर्धेला मिळते. वर्धा पुढे वैनगंगेला, दोघी मिळून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. डायुरॉन जमिनीत अर्धं व्हायला साधारण तीन महिने लागतात. ऑस्ट्रेलियात उसाच्या शेतांतून ते नद्यांवाटे ग्रेट बॅरियर रीफच्या पाण्यात पोचलं, आणि तिथल्या नियामकाने २०१२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले. आपल्याकडे समुद्र लांब आहे. पण फवारणीनंतर मोठा पाऊस झाला की पहिला नाला, पहिलं तळं जवळच आहे. तिथेही शेवाळ आहे, आणि त्यावर जगणाऱ्या मासोळ्या आहेत.

२०१७ चा हंगाम मी तुम्हाला सांगायला नको. फवारणी करता करता या जिल्ह्यातली वीसहून अधिक माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, आजच्या विषयातली तणनाशकं नव्हती. रसायन वेगळं, मरणं वेगळं. तरीही मी त्याचा उल्लेख करतो, कारण तिथेही फवारा अळीसाठी होता आणि श्वासात गेला माणसाच्या.

म्हणून बाटली शेतातली असो की रंगाचा डबा जहाजाचा, तीन प्रश्न विचारायचे. हे किती दिवस टिकतं? ज्याच्यासाठी आणलं त्याच्याशिवाय आणखी कोणाला मारतं? आणि वापरून झाल्यावर जातं कुठे? कथिलाला हे तीन प्रश्न १९६० च्या दशकात विचारले असते, तर आर्काशोंची कालवं वाचली असती.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, समुद्र एवढा मोठा. एवढ्या पाण्यात हे विरून नाही जाणार?

भर समुद्रात विरतं, ताई. पण जहाज उभं कुठे राहतं? बंदरात. बंदर म्हणजे भिंतींनी अडवलेलं, कमी हलणारं पाणी. आणि शेवाळ, कालवं, माशांची पिल्लं यांची वस्तीही किनाऱ्याजवळच जास्त. शिवाय जे गाळात बसतं ते विरत नाही. गाळ उपसला की पुन्हा वर येतं.

प्रश्न : मग जहाजांना काहीच लावू नये का?

तसं म्हटलं तर इंधन जास्त जळेल आणि परके जीव इकडेतिकडे पसरतील. पर्याय आहेत. सिलिकोनचे गुळगुळीत लेप असतात. त्यांत विष नसतं, त्यावर जीव नीट चिकटत नाहीत आणि जहाज वेगाने चाललं की निसटून जातात. पण डायॅटमचा चिकट थर त्यांवरही बसतो, आणि उभ्या जहाजाला त्यांचा फारसा उपयोग नाही. पाण्यातच बूड घासून, निघालेला कचरा गोळा करणारी यंत्रं आहेत. लवकर मोडणारी रसायनंही आहेत. आपल्याकडे अंबरनाथला नौदलाच्या पदार्थांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, तिथे अशा रंगांवर काम होतं. एका उपायाने भागणार नाही, हे मात्र नक्की.

प्रश्न : सर, माझ्या शेततळ्यात शेवाळ फार होतं. ड्रिप चोक होते. मोरचूद टाकू का?

भाऊ, हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मोरचुदाने शेवाळ मरेल. पण तांबं कधी मोडत नाही, ते तळाच्या गाळात साठत जातं. मासे सोडले असतील तर त्यांना धोका. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, तो आणखी वेगळा. त्या पाण्यावर शेळ्या-मेंढ्या येत असतील तर जास्त जपा, मेंढी तांब्याला फार हळवी असते. आधी बघा की शेवाळ येतं कशामुळे. खताचं पाणी वाहून तळ्यात येत असेल तर ते वळवा. जाळीने शेवाळ ओढून काढा, शक्य असेल तिथे शेडनेटने सावली करा आणि ड्रिपला सँड फिल्टर बसवून तो नेमाने उलटा धुवा. एवढं करून भागलं नाही तर कृषी अधिकाऱ्यांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून मगच औषध घ्या. अंदाजपंचे मूठभर टाकू नका.

प्रश्न : तुमच्या वडिलांनी नंतर काय केलं?

(हसून) पुढच्या वर्षी पुरचुंडी सोडायच्या आधी आम्हाला हाक मारली. "पोरांनो, हौदात काही सोडलंय का रे?" म्हणून विचारलं. आम्ही मासोळ्या बादलीत काढल्या. मग त्यांनी मोरचूद टाकलं.